हाडक्याखोरं

बारा आकडे. पिवळा बिल्ला.
आधी कान कापायचा, मग बाकीचं,
साहेबांनी शिकवलं होतं तसं.
मी कात्री लावली.
पंचनाम्यात लिहिलं: म्हैस, काळी, शिंगं मागं वळलेली,
चौथं वेत, कारण पोटफुगी.
नाव लिहायला रकाना नव्हता.

सुकाजी येवले मोहाखाली बसून राहिला.
त्याच्या बाकीच्या म्हशी काट्यांच्या वाडग्यात
एका बाजूला येऊन नाकं वर करून उभ्या,
एकीनंही कडब्याला तोंड लावलं नाही.

ट्रॅक्टर इथवर येत नाही.
सागाच्या दोन बल्ल्या, आडव्या फांद्या,
त्यावर ती, चारही पाय एका दोरात;
पुढं बैलजोडी, मागं आम्ही सहा जण.
फाल्गुनाचं ऊन, वाळक्या पानांचा चुरा,
बल्ल्यांच्या मागं दोन ओळी उमटत गेल्या
सरळ, वहीत आखल्यासारख्या.
शेवटच्या वळणावर बैल थांबले.
पराणी टोचली, शेपट्या पिरगाळल्या, नाहीच.
हाडांचा वास त्यांना आपल्याआधी कळतो.
मग जू सोडलं
आणि पुढचं आम्हीच ओढलं.

"सुई टोचली होती का हिले?"
तानू बेठेकर दरवेळी विचारतो,
दोर सोडता सोडता, माझ्याकडं न बघता.
"टोचली. पण ते औषध नाही."
"थे नाई ना?"
"नाही रे."

ते कोणतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक.
वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या पेटीत
एक छोटी बाटली असायची. स्वस्त.
सकाळी लंगडणारं ढोर संध्याकाळी चरायला जायचं
आणि लोक मला दुधाचा चहा पाजायचे,
डॉक्टर म्हणायचे, मी परिचर असून.
जी उठली नाहीत
ती इथंच आणून टाकली आम्ही.
तेव्हा कड्यावर जागा पुरायची नाही,
दुपारपर्यंत सांगाडा धुतल्यासारखा व्हायचा.
मग एका चैतात कड्याखाली ती दिसली,
पंख उघडे, पालथी,
माना झोप लागलेल्या म्हाताऱ्यांसारख्या लोंबलेल्या.
मी मोजली नाहीत. तानूनं मोजली.
आकडा त्यानं अजून मला सांगितलेला नाही.

बाटलीवर बंदी आली तेव्हा कागद आला होता.
मी सही करून फाइलला लावला.

बाकीचे गेले. आम्ही दोघं खडकावर.
आधी कावळे. मग एक मुंगूस,
येऊन, बघून, निघून गेलं.
तानूनं बिडी पेटवली नाही; धूर दिसतो म्हणाला.
आभाळ कोरं, इतकं कोरं
की बघून डोळ्यांत पाणी येतं.
"थो पाय," तो एकदम म्हणाला,
"चिखलदऱ्याच्या अंगानं. ठिपका."
मला काही दिसलं नाही.
माझा चष्मा जवळचा आहे, लिहिण्यावाचण्याचा.
तरी मी हो म्हणालो.
तो माझ्याकडं बघत राहिला थोडा वेळ.

रात्री सुकाजीच्या वाडग्यातच मुक्काम.
भाकर, लसणाचा ठेचा, कुणी बोललं नाही.
मध्यरात्री कधीतरी खोऱ्यातून
घाटी वाजली.
गळ्यातली. काढायची राहिलीच होती ती.
बिल्ला घेतला, दोर घेतला, बल्ल्यासुद्धा परत आणल्या,
आणि घाटी कुणाच्या ध्यानात आली नाही.
टण्. थांबून, टण्.
काहीतरी ओढत होतं तिला, तडस, रानडुक्कर,
पण वाजत होती ती अगदी
चरताना मान हलावी तशी.

रेवाबाई अंधारात उठून बसली.
"झाप काढा," म्हणाली, "झुंबरी आली."

सुकाजी हलला नाही.
वाडग्यात एक म्हैस हंबरली, मग दुसरी.
मी उशाची पिशवी चाचपली;
मिठाच्या पुडीत
तिचा कान होता.